विश्लेषण : पीसीओएस कशामुळे होतो? दोष जनुकांचा, जीवनशैलीचा की आणखी कशाचा?

पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस उगवू लागले आहेत, चेहऱ्यावरची मुरमे जाता जात नाहीत. अशी तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो ‘वजन कमी कर, बाहेरचे खाणे बंद कर’ हाच. घरी ऐकावे लागते, ‘रात्र रात्र जागतेस, मग दुसरे काय होणार?’ एखादी मावशी किंवा आत्या ‘लग्न झाले की सगळे जागेवर येते’ असे सांगून मोकळी होते. मोबाइल उघडला तर ‘पीसीओएस मुळापासून बरा’ करणारी चूर्णे, चहा आणि डाएट प्लॅन विकणाऱ्या रील्सची रांग लागलेली असते. या साऱ्यांमागे एकच गृहीतक आहे : हा आजार मुलीने आपल्या वागण्याने ओढवून घेतला आहे. गेल्या दोन दशकांतील संशोधन मात्र या गृहीतकाला आधार देत नाही. ते काय सांगते आणि त्यामुळे उपचारांत व धोरणात काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

पीसीओएस म्हणजे नेमके काय?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा संप्रेरकांचा आणि चयापचयाचा विकार आहे. १९३५ साली शिकागोतील आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमधील लक्षणांचे वर्णन केले, तेव्हापासून आधुनिक वैद्यकात त्याची नोंद आहे. त्यांनी अंडाशयांचा बदललेला आकार पाहिला आणि आजाराचे नाव तिथेच अडकले. प्रत्यक्षात सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. ती पूर्ण न वाढलेली, बीजांड बाहेर न पडता थांबून राहिलेली पुटके असतात. नाव दिशाभूल करणारे आहे आणि ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ मधील कार्यशाळेनंतर केली होती.

निदानासाठी २००३ चे रॉटरडॅम निकष सर्वाधिक वापरले जातात. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे म्हणजे अँड्रोजनचे जास्त प्रमाण (रक्ततपासणीत किंवा लक्षणांत), आणि सोनोग्राफीत विशिष्ट प्रकारचे अंडाशय या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. अशीच लक्षणे निर्माण करणारे थायरॉइडसारखे इतर आजार नाहीत, याचीही खात्री करावी लागते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच या संप्रेरकाची रक्ततपासणीही मान्य केली. किशोरवयीन मुलींसाठी मात्र नियम कडक आहे. पाळीची अनियमितता आणि अँड्रोजनची लक्षणे ही दोन्ही असतील तरच निदान करावे, सोनोग्राफी किंवा एएमएचवरून नको, असे या सूचना सांगतात. कारण पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षे निरोगी मुलींचे अंडाशयही सोनोग्राफीत तसेच दिसू शकतात. केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून १५ वर्षांच्या मुलीवर आजाराचा शिक्का मारणे म्हणूनच चुकीचे आहे.

‘पीसीओडी’ आणि ‘पीसीओएस’ वेगळे आहेत का?

‘पीसीओडी सौम्य असतो, पीसीओएस गंभीर’ असे सांगणाऱ्या पोस्ट भारतात भरपूर फिरतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी विभागणी नाही. तिथे पीसीओएस हा एकच विकार आहे, त्याची लक्षणे मात्र प्रत्येकीत कमीअधिक असतात. आपल्याकडे अनेक डॉक्टर आणि रुग्ण पीसीओडी हा शब्द त्याच अर्थाने वापरतात. काही वेळा सोनोग्राफीत तसे अंडाशय दिसले, पण बाकी काहीच लक्षण नाही, अशा स्थितीलाही पीसीओडी म्हटले जाते. ती स्थिती म्हणजे आजार नव्हे. त्यामुळे ‘मला नक्की कोणत्या निकषांवर निदान केले?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे.

भारतात प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने देशाच्या विविध भागांत १८ ते ४० वयोगटातील ९,८२४ स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉटरडॅम निकष लावले तर प्रमाण १९.६ टक्के निघाले. जुने, अधिक काटेकोर अमेरिकी निकष लावले तर तेच ७.२ टक्के झाले. मुंबईत १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या आधीच्या एका अभ्यासातही असेच दिसले होते : एका निकषाने २२.५ टक्के, दुसऱ्याने १०.७ टक्के.

म्हणूनच ‘दर पाच भारतीय मुलींमागे एकीला पीसीओएस’ हे वाक्य ऐकल्यावर ते कोणत्या मोजपट्टीने, हे विचारायला हवे. मात्र सर्वांत कमी आकडा धरला तरी रुग्णांची संख्या काही कोटींत जाते.

आनुवंशिकतेचा वाटा किती?

एकाच घरात आई, मावशी, बहीण यांना हा त्रास असल्याचे डॉक्टर फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. पण कुटुंबात जनुकांबरोबर स्वयंपाकघरही एकच असते. मग दोन्हींचा वाटा वेगळा कसा काढायचा? त्यासाठी जुळ्यांचा अभ्यास उपयोगी पडतो. एकाच बीजांडापासून जन्मलेल्या जुळ्या बहिणींची जनुके जवळपास पूर्ण सारखी असतात, तर दोन बीजांडांपासून जन्मलेल्यांची सरासरी निम्मी. वाढतात मात्र दोन्ही जोड्या एकाच घरात. नेदरलँड्समधील जुळ्यांच्या २००६ च्या अभ्यासात पीसीओएसबाबत पहिल्या प्रकारच्या जुळ्यांमधील सहसंबंध ०.७१ आढळला, दुसऱ्या प्रकारात तो ०.३८ होता. यावरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के, असा निष्कर्ष काढला गेला.

हा आकडा समाजमाध्यमांवर नेहमी चुकीच्या अर्थाने फिरतो. ‘आईला पीसीओएस असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता ७० टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या समाजात काही स्त्रियांना हा विकार होतो आणि काहींना होत नाही. या फरकापैकी किती भाग जनुकांतील फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. उंचीचे उदाहरण घ्या. उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते, तरीही पोषण सुधारले की पुढच्या पिढीची सरासरी उंची वाढते. आनुवंशिकता जास्त असणे आणि परिस्थितीचा परिणाम होणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

यामागे कोणती जनुके आहेत?

पीसीओएसचे एकच असे जनुक नाही. २०११ मध्ये चीनमधील हान वंशाच्या स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीतून पहिल्यांदा तीन ठिकाणे ठामपणे समोर आली. एक अंडाशयाला संदेश देणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या ग्राहकाशी संबंधित होते. दुसरे ‘थाडा’ या जनुकाजवळ होते, ज्याचा संबंध टाइप २ मधुमेहाशीही जोडला गेला आहे. तिसरे ‘डीईएनएनडी१ए’ हे जनुक. अंडाशयातील पेशी अँड्रोजन किती तयार करतात, यात त्याचा हात असल्याचे नंतरच्या प्रयोगांत दिसले. पुढच्या वर्षी याच गटाच्या संशोधनात इन्सुलिनच्या ग्राहकाचे जनुकही यादीत आले.

२०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या १० हजारांहून अधिक रुग्णांची एक लाखाहून अधिक इतर स्त्रियांशी तुलना झाली आणि अशी १४ ठिकाणे निश्चित झाली. निदान काटेकोर निकषांनी झालेले असो, सैल निकषांनी किंवा रुग्णाने स्वतः सांगितलेले, त्यामागचे जनुकीय चित्र बहुतांशी सारखेच निघाले. लठ्ठपणा, रक्तातील इन्सुलिन, रजोनिवृत्तीचे वय आणि नैराश्य यांच्याशीही या विकाराची जनुकीय नाळ जुळलेली दिसली. म्हणजे पीसीओएस असलेली मुलगी उदास राहते ती केवळ दिसण्याच्या चिंतेने, असे म्हणून तिचे दुःख बाजूला सारता येत नाही.

यातली प्रत्येक जनुकीय खूण धोका अगदी थोडा वाढवते. सापडलेल्या सगळ्या खुणा एकत्र केल्या तरी आनुवंशिकतेचा लहानसा भागच उलगडतो. त्यामुळे ‘जनुकीय चाचणी करा आणि पीसीओएस होणार का ते जाणून घ्या’ अशा जाहिरातींवर पैसे घालवण्यात सध्या अर्थ नाही. आई-मावशीच्या पाळीचा आणि घरातील मधुमेहाचा इतिहास विचारणे फुकट आहे आणि आज तेच जास्त माहिती देते.

हा फक्त बायकांचा आजार आहे का?

अंडाशय स्त्रियांनाच असतात, पण ही जनुके मुलग्यांमध्येही उतरतात. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ प्रकल्पाच्या माहितीवरून असे दिसले की, पीसीओएसची जनुकीय जोखीम जास्त असलेल्या पुरुषांमध्ये लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल पडणे यांचे प्रमाण अधिक असते. अंडाशय नसलेल्या शरीरातही ही जनुके परिणाम करत असतील, तर पीसीओएसचे मूळ केवळ अंडाशयात नाही, हे उघड आहे. मुलीच्या आजाराबद्दल बोलताना फक्त आईकडे बोट दाखवण्याची सवयही यामुळे मोडायला हवी. वडिलांकडच्या घराण्यातील मधुमेह आणि ऐन पंचविशीत पडलेले टक्कल हाही त्याच वारशाचा भाग असू शकतो.

जन्माआधीच सुरुवात होते का?

जनुके आणि जीवनशैली यांच्यामध्ये एक तिसरा टप्पा आहे : गर्भाशयातील नऊ महिने. अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर झालेल्या प्रयोगांत गरोदर माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या मादी पिल्लांमध्ये मोठेपणी पीसीओएससारखी लक्षणे दिसली. २०१८ मध्ये फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी दाखवले की, पीसीओएस असलेल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात एएमएच जास्त असते. हेच संप्रेरक गरोदर उंदरांना दिल्यावर त्यांच्या मादी पिल्लांमध्येही तशीच लक्षणे आली. याच गटाच्या २०२१ मधील संशोधनात उंदरांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत हा परिणाम पोहोचल्याचे दिसले. जनुकांची अक्षरे तीच राहिली, त्यांवरच्या रासायनिक खुणा मात्र बदलल्या होत्या. स्वीडनमधील आरोग्य नोंदींच्या २०१९ च्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या मातांच्या मुलींमध्ये या विकाराच्या निदानाची शक्यता सुमारे पाचपट आढळली.

प्राण्यांवरील प्रयोग माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही या सगळ्या धाग्यांची दिशा एकच आहे. अनेकींच्या बाबतीत आजाराची पूर्वतयारी त्यांनी पहिला पिझ्झा किंवा पहिला वडापाव खाण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

मग वजन आणि इन्सुलिनचा संबंध काय?

शरीराच्या पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन बनवायला भाग पाडते. दुसरीकडे, अँड्रोजनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होत असते, त्याचे प्रमाण इन्सुलिनमुळे घटते. परिणामी मोकळे अँड्रोजन वाढते, बीजांड पक्व होत नाही आणि पाळी लांबते. वजन, विशेषतः पोटाभोवतीची चरबी वाढली की हे चक्र वेग घेते. म्हणूनच वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये ते पाच टक्क्यांनी घटले तरी अनेकींची पाळी सुधारते.

पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो आणि त्यांच्यातही इन्सुलिनचा हा बिघाड असू शकतो. भारतीयांच्या बाबतीत ‘सडपातळ’ हा शब्दच फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघांचा बीएमआय २२.३ असा अगदी सारखा होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमध्ये डॉ. याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी असली तरी त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती. हे संशोधन मधुमेहाविषयी आहे, पीसीओएसविषयी नाही. मात्र इन्सुलिनचा बिघाड हा दोघांमधील दुवा असल्याने ‘तू तर बारीक आहेस, तुला कुठला पीसीओएस’ हा शेरा आपल्याकडे विशेष धोक्याचा ठरतो.

प्लास्टिक, प्रदूषण, जंक फूड यांचे काय?

प्लास्टिकच्या काही डब्यांत आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतील लेपात वापरले जाणारे बिस्फेनॉल ए हे रसायन शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात त्याचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण या रसायनामुळे आजार झाला, की आजारामुळे ते शरीराबाहेर टाकण्याचा वेग मंदावला, हे अशा अभ्यासांवरून ठरवता येत नाही. खबरदारी म्हणून युरोपीय महासंघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कातील वस्तूंमध्ये त्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. गरम अन्न प्लास्टिकच्या डब्यात न भरणे शहाणपणाचेच आहे. मात्र ‘डबा बदला, पीसीओएस घालवा’ हा दावा पुराव्याच्या फार पुढे जातो.

आहाराबाबतही असेच. भरपूर साखर, मैदा, बैठे काम आणि अपुरी झोप यांनी इन्सुलिनचा बिघाड वाढतो, यात शंका नाही. परंतु २०२३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की, पीसीओएससाठी कोणताही एक आहार किंवा एकच व्यायामप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. दूध बंद, गहू बंद, अमुक बिया अमुक तारखेपर्यंत, हे सर्वांसाठीचे नियम म्हणून टिकत नाहीत. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असे घरचे संतुलित जेवण आणि नियमित चालणे किंवा कोणताही जमेल तो व्यायाम पुरेसा आहे. तो वर्षानुवर्षे टिकणे महत्त्वाचे. वजन न घटतानाही व्यायामाचा फायदा होतो.

कारणांची ही चर्चा महत्त्वाची का?

कारण चुकीचे समजले की उपचारही चुकतात. ‘तुझ्याच सवयींमुळे’ असे ऐकून कंटाळलेली मुलगी डॉक्टरांकडे जाणे थांबवते. मग ज्या गोष्टींवर लक्ष ठेवायला हवे, त्या सुटतात. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा वेळी डॉक्टर देतात त्या संप्रेरकांच्या गोळ्या याच धोक्यापासून संरक्षणासाठीही असतात. टाइप २ मधुमेह आणि गरोदरपणातील मधुमेहाची शक्यता वाढते, म्हणून निदानाच्या वेळी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी करावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. नैराश्य आणि चिंतेची विचारपूस करणेही त्यांत आहे.

‘लग्न झाले की बरे होईल’ हा सल्ला तर दुहेरी नुकसान करतो. लग्नाने किंवा बाळंतपणाने हा विकार बरा होत नाही. उलट, लग्न मोडेल या भीतीने निदान लपवले जाते. वास्तविक पीसीओएस म्हणजे वंध्यत्व नव्हे. बीजांड पक्व होण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे उपलब्ध आहेत आणि अनेकींना त्यांचीही गरज पडत नाही.

सरकारी यंत्रणेतही हीच फट आहे. मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांची सरकारी सार्वत्रिक तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. पीसीओएस असलेल्या मुलीचा धोका मात्र विशीतच सुरू झालेला असतो. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आशा सेविका घरोघरी पोहोचतात. ‘तुझी पाळी वर्षातून किती वेळा येते?’ एवढा प्रश्न आणि गरजेनुसार साखरेची तपासणी त्यात जोडायला मोठी यंत्रे लागत नाहीत. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही ती ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतराने किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर तपासणी हवी, हा साधा निकष शाळेतल्या फळ्यावरही लिहिता येईल.

जनुके कोणी निवडून घेत नाही आणि आईच्या गर्भातील दिवसही कोणाच्या हातात नसतात. पुढचा व्यायाम, आहार, तपासण्या आणि औषधे यांवर मात्र काही प्रमाणात नियंत्रण असते, तेही घरच्यांची साथ आणि परवडणारा दवाखाना असेल तर. पीसीओएसच्या रुग्णाला ‘तू काय खातेस?’ हे विचारण्याआधी ‘शेवटची तपासणी कधी केलीस आणि सोबत कोणी येणार आहे का?’ हे विचारले, तर तिचा अधिक फायदा होईल.